दाखल गुन्हा म्हणजे केलेला गुन्हा नव्हे

माननीय संपादक,
स.न.

शिक्षा ठरवताना आकडेवारीचा आधार घ्या, असं सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. कोण पुन्हा गुन्हा करेल हे संगणक सांगू शकतो, मग न्यायाधीशांनी अंदाजावर का चालावं, असा लेखकाचा सवाल आहे. आमच्या भागात ही आकडेवारी येणार कुठून, याबद्दल मात्र लेखात एक ओळ नाही. ती पोलीस ठाण्याच्या रजिस्टरातून येणार, आणि त्यात नाव कसं चढतं ते मी जवळून पाहिलं आहे.

मी आश्रमशाळेत शिक्षक होतो. बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा एक मुलगा माझ्या हाताखाली दहावी झाला. कुणाच्या वावरातून मोटारपंपाची केबल गेली की गाडी आधी बेड्यावर जाते, ही आमच्याकडची रीत. त्यालाही असंच उचललं. केबल त्याच्याजवळ सापडली नाही, साक्षीदाराने ओळखलं नाही, कोर्टाने निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या चोरीत पुन्हा उचललं, तेव्हा जमानतीला विरोध करताना सांगण्यात आलं, "आरोपीवर यापूर्वीही गुन्हा दाखल आहे." आधीच्या निकालाची प्रत त्याच्या मायने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणली होती. ती कुणी हातातसुद्धा घेतली नाही. जमानतदार मिळेना, बेड्यावर सातबारा आहे कुणाच्या नावावर? पोरगा आत, पेशीवर पेशी. शेवटी "कबूल कर, भोगलेल्या कैदेवर सुटशील" असं त्याला सांगितलं गेलं आणि त्याने कबूल केलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आज ठाण्याच्या लेखी तो सराईत आहे.

हीच नोंद संगणकात गेली तर संगणक काय सांगेल? लेखात अमेरिकेचं कौतुक आहे. तिथल्याच फ्लोरिडात असा अंदाज बांधणारी 'कॉम्पास' नावाची प्रणाली २०१६ मध्ये पत्रकारांनी तपासली. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही, अशांमध्ये धोकादायक ठरवले गेलेल्या काळ्या आरोपींचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. त्या प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता! आपल्याकडेही जातीचा रकाना लागणार नाही, बेड्याचा पत्ता पुरेल. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला रद्द झाला, आणि त्यातून सुटलेल्या या विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये हे ऑक्टोबर २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

माहितीच्या आधारे शिक्षा द्यायला माझा विरोध नाही. उलट ती माहिती गोळा करायचा कायदा १९५८ पासून आपल्याकडे आहे. एकवीस वर्षांखालच्या मुलाला जन्मठेपेचा गुन्हा सोडून इतर गुन्ह्यात तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने त्याच्या घरच्या परिस्थितीबद्दल आणि वागणुकीबद्दल परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो; परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं. या मुलाच्या बाबतीत बेड्यावर कुणी आलं नाही, शाळेत कुणी विचारलं नाही, तो ज्या शेतकऱ्याकडे सोंगणीला जायचा त्यालाही नाही. मला विचारलं असतं तर मी कोर्टात उभं राहून बयाण दिलं असतं.

मोजायचंच असेल तर हे मोजा. परिवीक्षेवर सोडलेल्यांपैकी किती जण पुन्हा कोर्टात आले आणि तुरुंगात धाडलेल्यांपैकी किती? मोर्शीच्या खुल्या कारागृहातून, जिथे कैदी कोठडीत बंद न राहता शेतीत काम करतात, सुटलेला माणूस आणि मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस पाच वर्षांनी कुठे आहे? जुलै २०२४ पासून पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. त्यातून कोण सुधारलं, याची नोंद जिल्ह्यात कोण ठेवणार? असे आकडे न्यायाधीशांच्या टेबलावर आले तर मी स्वागत करेन.

आणखी एक. या मुलाला पहिल्यांदा पकडलं तेव्हा आपल्याच दैनिकाने त्याचं नाव, गाव, जात सगळं छापलं होतं. मथळ्यात 'टोळी' होती. पकडलेला तो एकटाच होता. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रत मी स्वतः आपल्या तालुका प्रतिनिधीकडे दिली. बातमी आली नाही. प्रत पुन्हा सोबत जोडतो आहे. अटकेची बातमी ज्या पानावर आली होती त्याच पानावर, नाव न घालता का होईना, निर्दोष सुटल्याच्या दोन ओळी छापाव्यात.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ