लॉक केलेल्या फाइलमध्ये ‘पीडीएफ निर्यात’ कमांड बंद राहण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या पृष्ठमांडणी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतल्यापासून फाइल उघडी असूनही ‘पीडीएफ निर्यात’ ही कमांड मेनूमध्ये करडी दिसते. मजकुराच्या चौकटीत क्लिक केले की ती सुरू होते आणि रंगांचे पॅनेल उघडून बंद केले की पुन्हा करडी पडते. प्रूफ मंजूर झाल्यावर आम्ही फाइल लॉक करतो. त्यानंतर चौकटीत क्लिकच करता येत नाही, म्हणजे जी फाइल छापखान्यात पाठवायची नेमकी तीच बाहेर काढता येत नाही. आमच्या दिवाळी अंकाचे काम त्यामुळे अडले आहे.

तुमचे सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएफवर, म्हणजे विंडोजवरील प्रोग्रामच्या खिडक्या आणि मेनू बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर, बांधलेले आहे. त्यात मेनूतील कमांड चालू ठेवायची की नाही, हे फोकस असलेल्या (म्हणजे त्या क्षणी टंकन स्वीकारणाऱ्या) घटकापासून त्याला सामावणाऱ्या घटकांकडे वर वर जात विचारले जाते; पानावर कशालाच फोकस नसेल, तर कमांड हाताळणारा भाग सापडत नाही आणि ती बंद राहते. निर्यात मात्र संपूर्ण दस्तऐवजाची असते, तिचा कर्सरशी संबंध नाही. मेनूतील त्या कमांडला तिचे लक्ष्य, म्हणजे कोणत्या घटकाला विचारायचे ते, नेमून दिले किंवा तिची जोडणी मुख्य खिडकीवर केली, तर प्रश्न मिटतो. 2006 पासून वापरात असलेल्या तंत्रातली ही गोष्ट तुमच्या अभियंत्यांना ठाऊक असणारच.

असे असताना शेवटच्या फोनवर तुमचा प्रतिनिधी मला म्हणाला, “कमांड करडी आहे म्हणजे ती तुमच्या प्लॅनमध्ये नाही, वरचा प्लॅन घ्या.” 1984 च्या मॅकिन्टॉशपासून करड्या कमांडचा अर्थ ‘आत्ता वापरता येणार नाही’ एवढाच आहे. माझ्या परवान्यात निर्यात आहे आणि याच संगणकावर लॉक न केलेल्या फाइलची निर्यात होते, हे मी सांगितल्यावर त्याने विचारले, “घरात कोणी तरुण आहे का? त्यांना फोन द्या.” डीटीपी करता करता माझे केस पांढरे झाले आहेत, हा प्रश्न मला फार लागला. माझे म्हणणे न लिहिताच त्याने तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली.

पुन्हा सांगतो, लॉक केलेली फाइल निर्यात होत नाही. इतकी वर्षे इतर मुद्रकांनाही मी तुमचेच सॉफ्टवेअर सुचवत आलो. यापुढे सुचवणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत मला जुनी आवृत्ती चालू परवान्यासह लेखी कळवून द्यावी. ते जमत नसेल, तर वार्षिक शुल्क परत करावे; अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

एक परवानाधारक ग्राहक