सँडर घेता, मग पंख्याचा मास्क का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत फर्निचर बनवणाऱ्या कारागिरांवर अख्खं पान आलं होतं. छान होतं, लाकडाबद्दल इतक्या आपुलकीने हल्ली फारसं कोणी लिहीत नाही. पण त्यातला मोठा फोटो बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र, धुळीबद्दल आणि छोट्या पंख्याने गाळलेली हवा तोंडासमोर सोडणाऱ्या मास्कबद्दल. खिडकीतून ऊन आलंय, उन्हाच्या पट्ट्यात धूळ चमकतेय आणि मध्ये एक माणूस ऑर्बिटल सँडर, म्हणजे पॉलिशपेपर लावून लाकूड घासायचं मशीन, घेऊन टेबलाचा टॉप घासतोय, तोंडावर साधा रुमालसुद्धा नाही. फोटो सुंदर आहे, वादच नाही. पण ऊन सरकलं की ती धूळ दिसायची बंद होते, हवेतून जात मात्र नाही, ती तिथेच तरंगत असते आणि तो माणूस तिथेच श्वास घेत असतो.

मी स्वतः लाकडाचंच काम करतो, म्हणून सांगतो की आमच्या धंद्यात बोट कापायची भीती सगळ्यांना असते पण धुळीची कोणालाच नसते. करवतीचा भुसा, रंध्याच्या ढलप्या, हे जाड असतं, खाली पडतं, झाडून टाकलं की झालं. खरा त्रास सँडिंगच्या बारीक धुळीचा. दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण नाक-घसा ओलांडून श्वासनळीत उतरतात आणि चारेक मायक्रॉनच्या आतले थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. एक मायक्रॉनचा कण शांत हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीपर्यंत यायला कित्येक तास घेतो. म्हणजे मशीन बंद केलं, मास्क काढला, आता जरा निवांत बसू म्हणून तिथेच टेकलात तर त्या वेळेला पण धूळ आत जातेच आहे. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

आणि हे नुसतं खोकला-शिंकांपुरतं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने, आयएआरसीने, १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली, तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात. त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात, इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या-फर्निचरसाठी नावाजलेल्या गावात एस्मे हॅडफिल्ड नावाच्या नाक-कान-घशाच्या सर्जन बाईंच्या लक्षात आलं की नाकाचा एक एरवी फार क्वचित दिसणारा कॅन्सर फर्निचरच्या कामगारांमध्येच पुन्हा पुन्हा येतोय. ओक, बीच अशा कठीण लाकडाच्या धुळीशी त्याचा संबंध पुढे पक्का झाला. हा कॅन्सर नाकात आणि सायनसमध्ये होतो, तोही पहिल्यांदा धूळ खाल्ल्यानंतर कित्येक दशकांनी, त्यामुळे तरुण पोराला आज काहीच जाणवत नाही आणि तो म्हणतो मला काय होतंय. फुफ्फुसाचं दुखणं वेगळं, तिथे दमा येतो. वेस्टर्न रेड सीडरच्या लाकडात प्लिकॅटिक अ‍ॅसिड असतं त्याने दमा होतो हे तर नीट सिद्ध झालेलं आहे. बाकीही बरीच लाकडं तसली आहेत. एकदा शरीराने एखाद्या लाकडाचा धसका घेतला की मग थोडीशी धूळसुद्धा पुरते. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेल्या बोर्डाचं, तर विचारूच नका, त्याचीही धूळ बारीक आणि वर त्यात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचं रेझिन.

किती धूळ चालते म्हणाल तर ब्रिटनमध्ये कठीण लाकडासाठी आठ तासांच्या कामाची सरासरी मर्यादा आहे एका घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम, युरोपियन युनियनमध्ये २. माणूस कामाच्या आठ तासांत साधारण दहा घनमीटर हवा घेतो असं धरतात. म्हणजे दिवसभरात झाले वीस-तीस मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही हो! आता कुठल्याही वर्कशॉपमध्ये संध्याकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवा आणि तुम्हीच ठरवा.

यावर लगेच उत्तर येतं की आम्ही मास्क देतो की. कोणता मास्क? रुमाल बारीक धुळीला काहीच करत नाही. एका रबराचा पातळ पांढरा मास्क येतो तोही जवळपास तसाच. एन-९५ चांगला आहे, बारीक कण ९५ टक्के तरी अडवतो, पण कधी, तर तो चेहऱ्याला चारी बाजूंनी नीट चिकटला असेल तर. दाढी असेल तर चिकटत नाही, दोन दिवसांचे खुंट असले तरी गळतो. वरून घाम येतो, श्वास ओढायला जोर लागतो, चष्म्यावर वाफ धरते आणि पेन्सिलची रेघ दिसेना झाली की माणूस मास्क हनुवटीवर ओढतो. त्याला बेफिकीर म्हणून शिव्या देण्यात अर्थ नाही, घासकाम आठ तास चालतं आणि गुदमरत कोणी काम करू शकत नाही.

म्हणूनच मला पंख्याच्या मास्कबद्दल कळकळीने सांगायचंय. पॉवर्ड रेस्पिरेटर म्हणतात त्याला, इंग्रजी आद्याक्षरांवरून पीएपीआर. कमरेच्या पट्ट्याला किंवा डोक्यावरच्या हेल्मेटमध्येच एक छोटा पंखा, बॅटरी आणि फिल्टर असतो, पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून ओढतो आणि चेहऱ्यासमोरच्या पारदर्शक काचेच्या आत सोडतो. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो, त्यामुळे कडेला फट असली तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ सहजी आत येत नाही. डोक्यावरून घ्यायच्या सैल टोपासारख्या हूडवाल्या प्रकारात मिनिटाला १७० लिटर तरी हवा यावी असा अमेरिकेतला नियम आहे, निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो, आता बघा किती मोकळी हवा झाली. दाढी चालते, चष्मा चालतो, वाफ धरत नाही, तोंडावर गार झुळूक येत राहते, आणि उडालेल्या कपच्यांपासून डोळेही वाचतात. कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या, ओशाच्या, हिशोबात एन-९५ किंवा अर्ध्या तोंडाच्या मास्कला संरक्षणाचा आकडा १० आहे म्हणजे आतली धूळ बाहेरच्या दहाव्या हिश्शावर येते, सैल काचेच्या पॉवर्ड मास्कला २५. पण माझ्या मते आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही की हा मास्क माणूस दिवसभर तोंडावर ठेवतो. काढलेला मास्क कितीही भारी असला तरी शून्य.

शिसमाचं घासकाम झाल्यावर मी माझ्या पंख्याच्या मास्कचा, मुख्य फिल्टरच्या पुढे बसणारा प्री-फिल्टर काढतो, नवीन असताना तो पांढराशुभ्र असतो आणि तेव्हा जांभळट तपकिरी झालेला असतो, बोटाला मऊ लागतो, आपटला की पुन्हा धूळ उडते म्हणून हळूच पिशवीत टाकायचा. तो फिल्टर एकदा नव्या पोराच्या हातात द्या, भाषण द्यायची गरज पडत नाही.

तोटे आहेत, लपवत नाही. महाग आहे, साध्या मास्कच्या कैकपट. हेल्मेटमध्येच मोटर असेल तर संध्याकाळी मान भरून येते, म्हणून मला कमरेचा बरा वाटतो. पंख्याचा आवाज कानाशी येतो, आणि हूडखाली आवाज अडवणारे कानाचे मफ बसतील असं मॉडेल बघून घ्यावं लागतं. रोज सुरू करायच्या आधी हवेचा झोत पुरेसा आहे का तपासायचा, सोबत एक छोटी नळी किंवा गोळी येते, ती रेघेच्या वर उचलली गेली तरच कामाला लागायचं, नाहीतर बॅटरी उतरलीय किंवा फिल्टर भरलाय. फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा कधीही मारायची नाही, त्याने तो आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापा साहेब, धुळीचा फिल्टर थिनर-लॅकरची वाफ अडवत नाही! पॉलिश-स्प्रेच्या कामाला वेगळी सोय लागते. सँडिंगचा मास्क घालून स्प्रे मारणारा माणूस आपण सुरक्षित आहोत असं समजून वाफ ओढत असतो, ते जास्त वाईट.

पहिला नंबर अर्थात धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेण्याचा, हे मान्यच. सँडरला व्हॅक्यूम जोडा, टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीला, धूळ ओढणारा कलेक्टर लावा, झाडू मारण्याऐवजी व्हॅक्यूम करा, अंगावरची धूळ हवा मारून उडवू नका. पण कलेक्टरची पिशवी जाड विणीची असली तर भुसा आत राहतो आणि बारीक धूळ पिशवीतून परत खोलीत येते, शिवाय हाताने घासताना, पिशवी रिकामी करताना, लाकडाला खाचा पाडायचं राउटर मशीन चालवताना थोडी तरी सुटतेच. त्या उरलेल्या धुळीसाठी मास्क.

माझं मालक लोकांना एवढंच म्हणणं आहे की सँडर घेताना पॅड आणि पेपर जसे त्याच बिलात धरता तसा हा मास्कही धरा, मशीनचाच भाग म्हणून. कामगाराने स्वतःच्या पगारातून घ्यावा ही अपेक्षा चुकीची आहे, धूळ तो तुमच्या कामासाठी खातो. आणि एक मास्क चार जणांत फिरवू नका, हूडची आतली पट्टी घामाने भिजते, दुसरा माणूस तो घालायला टाळाटाळ करतो आणि मग तो खुंटीलाच लटकत राहतो.

कारागीर बंधूंना सांगायचं तर, काम असलेल्या दिवशी संध्याकाळी छाती भरून येते, रात्री खोकला येतो आणि सुट्टीत बरं वाटतं असं असेल तर ते ऋतूचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. नाक एकाच बाजूने महिनोन्महिने चोंदलेलं असेल, मधूनच रक्त येत असेल तरीही दाखवा. डॉक्टर विडी-सिगारेटचं विचारतात, कामाचं विचारायचं बऱ्याचदा राहून जातं, म्हणून आपणच आधी सांगायचं की मी लाकडाचं काम करतो, इतकी वर्षं झाली, अमुक लाकूड असतं आणि घासकाम रोजचं आहे.

आपला,
लाकूडकाम करणारा एक वाचक