बांबूच्या कामट्या आणणाऱ्या काकांना

काका,
साष्टांग नमस्कार.

काल तुळशीचं लग्न लागलं आणि आज सकाळी आपले बाराही कंदील उतरवले. ‘कागद फाडा, सांगाडे माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी नुसता कागद चढवायचा’ असं तुम्ही बजावलं होतं, पण आजी मंडळी कागदाला हात लावू देईनात. सध्या सगळे कंदील टीव्हीसमोर एकावर एक रचलेत आणि दुपारची मालिका कुणालाच दिसत नाही. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

आधी माझी फजिती सांगते. सप्टेंबर संपत आला होता. आपल्या ज्येष्ठांच्या केंद्रातल्या आजी-आजोबांकडून शरद ऋतूत कागदाचं काय करून घ्यावं, हे मी इंटरनेटवर शोधलं. मिळाली ती लाल-केशरी मेपलची पानं आणि दात विचकणारे भोपळे. मी बापडी तेच छापून आणलं. डोंबिवलीत! जिथे शरदात पानं गळत नाहीत, माणसं घामाने गळतात. निवृत्त शाळाबाईंनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे एरंडाचं का गं?” दुसऱ्या आजींना भोपळ्याला डोळे का पाडलेत ते कळेना. त्यांच्या मते त्याचे घारगे केले असते तर बरं झालं असतं. कात्र्या हातात घेतल्या गेल्या, खाली ठेवल्या गेल्या. गोंदाची बाटली दाबायला बोटांत जोर नव्हता. आणि मी प्रत्येकाच्या अर्धवट पानाला ‘किती छान, किती छान’ करत फिरत होते.

तुम्ही तेव्हा पंपाची किल्ली द्यायला आला होता. दारात उभं राहून पाच मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, “ताई, ही माणसं बालवाडीत बसलीत का? कामट्या आणा.”

मला राग आला होता, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीतली वॉचमनची रात्रपाळी संपवून, अंघोळ करून, कल्याणच्या बुरुडाकडून आणलेली कामट्यांची मोळी खांद्यावर टाकून तुम्ही हजर. तेव्हा कळलं की 1982 च्या गिरणी संपात पगार थांबला, त्या दिवाळीला तुम्ही परळच्या फुटपाथवर कंदील विकायला बसलात आणि पुढे कित्येक वर्षं दसरा झाला की बसतच राहिलात. हे सांगतानासुद्धा तुमचा हात थांबला नाही. कामटी मोजायची, तोडायची, पॉलिश पेपरने घासायची. ‘म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी, कुसळ घुसलं की रक्त थांबत नाही,’ म्हणालात. आमच्याकडे चौघेजण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. हा विचार मी करायला हवा होता, केला तुम्ही.

त्या पंधरा दिवसांत मी पहिल्यांदाच नीट बघितलं की आपला साधा कंदील कसा उभा राहतो. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या, वीतभराच्या. चार चौकोन बांधायचे, ते टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडत गोल फिरवायचे. वरची चार टोकं चार कामट्यांनी सांधायची, खालची चार टोकं उरलेल्या चार कामट्यांनी. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, वरून बल्ब सोडायला, खालून शेपट्या लावायला. मग कागद लागतो तो चार चौकोनांना आणि आपोआप तयार झालेल्या आठ त्रिकोणांना. लहानपणापासून घरात कंदील बघितला, पण ते आठ त्रिकोण कुणी बांधलेले नसतात, चौकोन उभे राहिले की ते मधे येऊन बसतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. शाळाबाईंना होतं. त्यांनी तिथेच माझी परीक्षा घेतली.

पण कंदील शिकवलात म्हणून हे पत्र नाही. तुम्ही माणसं कशी लावलीत, त्यासाठी आहे. पहिल्या दिवशी तुम्ही कुणालाही ‘तुम्हाला काय करायला आवडेल?’ असं विचारलं नाहीत. प्रत्येकाचे हात बघितलेत, आणि कामं वाटलीत. अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या आजींना सांध्यावर दोन कामट्या धरून ठेवायचं काम, कारण बांधणाऱ्याला तिसरा हात लागतोच. ज्यांचे हात थरथरतात त्यांना झिरमिळ्या. घोटीव कागदाच्या पट्टीवर बत्ता ठेवून ती हलू द्यायची नाही आणि कात्रीने काप देत जायचं. काप वाकडे आले की तुम्ही म्हणायचात, ‘वाऱ्यावर वाकड्याच चांगल्या हलतात.’ मोतीबिंदूवाल्या आजोबांसमोर पांढरा ट्रे ठेवून त्यात गडद निळे आणि लाल पतंगी कागद दिलेत. फेविकॉल बाजूला सारून मैद्याची खळ शिजवलीत, बोटाने लावायला सोपी, चुकलं तर ओल्या फडक्याने निघते. मी कौतुकाने विचारलं, खळीत मोरचूद घालत नाही का? आमच्या घरी किडे लागू नयेत म्हणून घालायचे. तुम्ही नुसतं कोपऱ्यातल्या आजींकडे बोट दाखवलंत. त्या खळीचं बोट चाटत होत्या. मोरचूद म्हणजे विष. म्हणून रोज ताजी, थोडीशीच खळ.

आणि मग ती तिसऱ्या दिवसाची गोष्ट. शाळाबाईंनी बांधलेला चौकोन तुम्ही उचललात, डोळ्यांसमोर धरलात आणि म्हणालात, “बाई, तिरका आलाय. सोडा.” माझ्या पोटात गोळा आला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना कुणी असं बोलतं? बाईंनी चष्मा सारखा केला, दोरा सोडला, पुन्हा बांधला. तोही नापास. तिसरा चौकोन तुम्ही काहीच न बोलता सांगाड्याला लावलात. त्या दिवशी बाई घरी जाताना लेकीला सांगत होत्या, “आज दोन वेळा परत केलं माझं काम.” आवाजात तक्रार नव्हती, चक्क तोरा होता. माझ्या ‘किती छान’ला असा तोरा कधी चढला नव्हता.

आमचे खिडकीजवळचे आजोबा आठवतात ना? लेकीचं नाव त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं. तुम्ही त्यांच्या हातात दोरा दिलात, आणि त्यांनी दोन बोटांत अशी गाठ मारली की तुम्ही काम थांबवून विचारलंत, “साचेखात्यात होता का?” साचेखातं म्हणजे गिरणीतलं मागांचं खातं, आणि तुटलेला धागा सांधायची ती गाठ. कोणती गिरणी, कोणती पाळी, सगळं त्यांनी सांगितलं. पुढे दोघांचं संपावरून जे जुंपलं! संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी माघार घ्यायला हवी होती की नको, यावर जेवणाची वेळ टळली, खिचडी गार झाली. दुसऱ्या दिवशी आजोबांना तुम्ही कोण ते आठवत नव्हतं. गाठ मात्र तशीच बसत होती. त्यानंतरच्या सगळ्या गाठी त्यांच्याच.

दसऱ्याची सोनेरी पानं तुम्ही ‘किरकोळ माल’ म्हणून निकालात काढलीत, पण त्यांनी आम्हाला खूप तारलं. कागद दुमडायचा, एकच गोलसर काप द्यायचा, उघडलं की आपट्याची दोन्ही दलं सारखी. एका हाताने कात्री चालवणाऱ्यालाही जमतं. नाहीतरी बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनच गळ्यात मारतात, त्यापेक्षा आमचं कागदी सोनं खरं.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाच वॅटचे एलईडी बल्ब सोडून कंदील सोसायटीच्या गच्चीखाली ओळीने लावले. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बने कागद तापायचा त्याची आठवण निघाली, एका घरचा कंदील पेटला होता तीही निघाली. तुम्ही खाली उभे राहून ओळ सरळ आहे का तेवढंच बघत होता. अर्धांगवायूवाल्या आजी व्हीलचेअरमधून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “तो तिसरा. तो मी धरलाय.”

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. अध्यक्षांनी पाकीट पुढे केलं तेव्हा ‘माल बांधला त्यांना द्या’ म्हणालात. ते पैसे चहाच्या डब्यात आहेत आणि त्यातून काय आणायचं यावर आठवडाभर भांडण चालू आहे. एक गट पेढे म्हणतो. शाळाबाईंचा गट म्हणतो, संक्रांतीला पतंग करायचे, म्हणून पतंगी कागदाचा पुडा.

तुमची कामट्या सोलायची सुरी इथेच राहिली आहे. ती मी वॉचमनच्या केबिनमध्ये पाठवणार नाही, स्वतः येऊन घेऊन जा. दुपारी तीननंतर या, तेव्हा सगळे जागे असतात. आणि येताना दोऱ्याचा एक गुंडा आणा, आजोबांनी उरलेला सगळा गाठी मारून संपवलाय.

तुमची,
केंद्रातली ताई