उद्या पाण्याचे नमुने + टाकीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर (सगळ्यायनं वाचा)

राम राम मंडळी, उद्या सकाळी ७ वाजता जलसुरक्षक भाऊ टाकी, दोन्ही हापश्या आन् देवळामागच्या विहिरीचं पाणी तपासणीले घेणार हायेत. जीवाणू तपासणीची बाटली लॅबमधून निर्जंतुक होऊन येते, झाकणाले आतून बोट लावू नका, पाण्यानं खंगाळू तर अजिबात नका, पोट्टे लय हौशीनं हात घालतात म्हणून आधीच सांगतो, आन् नमुना थंड ठेवून २४ तासाच्या आत लॅबले पोचला पाहिजे नाहीतर मेहनत पाण्यात.

टीसीएल टाकल्यावर अर्धा तास नळ सुटणार नाही, वॉलमनले फोन करून भांडू नये. पावडर तशीच टाकीत ओतायची नाही, बकेटीत कालवून निवळू द्यायची, वरची निवळीच टाकीत, खालचा चोथा बाहेर. शेवटच्या घरच्या नळाले ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करू, थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन तिथवर पोचलं, लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. वास येते म्हणणाऱ्यायनं पाणी घडीभर उघडं ठेवावं, वास जाते बाप्पा.

फ्लोराईडसाठी हापशीचं पाणी वेगळ्या प्लास्टिक बाटलीत, काचेची चालत नाही. लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर ते पाणी फक्त धुण्या-भांड्याले. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटते आन् प्रमाण वाढते.

ज्यायच्या मोरीचं पाणी हापशीच्या ओट्याजवळ साचते त्यायनं आजच नाली मोकळी करा, नाव घेत नाही, ज्याले समजायचं त्याले समजलं.