समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा काटा कोण तपासणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पुरवणीत, लहान दुकानदाराने जाहिरातीचा सगळा पैसा यापुढे समाजमाध्यमांवरच खर्च करावा, अशा आशयाचा लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी असेल. परंतु लेखातला एकही आकडा दुकानदाराच्या खतावणीतून आलेला नव्हता, सगळे आकडे जाहिरातीची जागा विकणाऱ्यांनीच पुरवलेले होते. कोल्हापुरात चप्पल लाईनजवळ आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे आणि त्याचे हिशेब गेली १९ वर्षे मी पाहते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचा खर्चही २०२१ च्या दिवाळीपासून माझ्याच हाताने वहीत चढत आला आहे, म्हणून हे पत्र.

टाळेबंदीत दोन लग्नसराया बुडाल्यावर आम्ही शहरातल्याच एका एजन्सीकडे काम सोपवले. महिन्याला १२ हजार रुपये त्यांचे आणि १५ हजार प्रत्यक्ष जाहिरातीचे, असा व्यवहार ठरला. पहिल्या महिन्याच्या शेवटी एजन्सीचा मुलगा लॅपटॉप घेऊन दुकानात आला आणि त्याने रंगीत आलेख उघडून दाखवले. जाहिरात २ लाख ४० हजार लोकांपर्यंत पोहोचली होती आणि ३ हजारांवर लोकांनी ती पसंत केली होती. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले की हा आकडा किती भव्य वाटतो ते कळेल. माझ्या सासऱ्यांनी आलेख शांतपणे पाहिले आणि विचारले, "बाळ, ह्यातली किती माणसं दुकानाची पायरी चढली?" त्या मुलाकडे उत्तर नव्हते, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता, कारण त्याच्यासमोरच्या पडद्यावर आमची पायरी दिसतच नव्हती.

मग ते उत्तर आम्हीच शोधायचे ठरवले. गल्ल्याशेजारी दोनशे पानी वही ठेवली आणि डिसेंबरपासून तीन महिने, बिल करताना प्रत्येक गिऱ्हाईकाला "आमचं दुकान तुम्हाला कसं कळलं?" एवढेच विचारून उत्तर लिहून ठेवले. ६१२ बिलांपैकी निम्म्याहून अधिक माणसे अंबाबाईचे दर्शन घेऊन चालत येताना आत शिरलेली होती. त्याखालोखाल जुनी गिऱ्हाईके आणि त्यांनी पाठवलेले पाहुणे होते. मोबाईलवर जाहिरात पाहून आलो, असे ४१ जणांनी सांगितले. त्यांतही १७ जण पूर्वी आमच्याकडून पायताण घेऊन गेलेले निघाले. म्हणजे ८० हजारांवर रुपये खर्चून नवी अशी २४ माणसे आली. ज्यांनी जाहिरात पाहिली पण ती आठवली नाही, अशीही काही असतील हे मी मान्य करते. तरीही एका नव्या गिऱ्हाईकामागे तीन हजारांहून अधिक खर्च झाला, आणि आमच्याकडची कापशी या प्रकारच्या कोल्हापुरी चपलेची चांगली जोडीसुद्धा त्याहून स्वस्त मिळते. तेवढ्या पैशात, घरी बसून चपलेच्या पट्ट्यांसाठी वेण्या घालणाऱ्या बायकांची मजुरी मला वाढवून देता आली असती, ही गोष्ट मला आजही लागते.

आता तोच हिशेब फेसबुक कंपनीचा पडदा कसा मांडतो ते पाहा. आमचे एक साधे संकेतस्थळ आहे आणि त्यावरून पार्सलची मागणी येते. पडद्यावर या मागणीतला बहुतेक भाग जाहिरातीच्या नावावर जमा दिसायचा. त्यामागचा नियम मी नीट वाचून घेतला. कोणी जाहिरातीवर बोट ठेवले आणि सात दिवसांच्या आत खरेदी केली, किंवा बोट न ठेवता जाहिरात नुसती डोळ्यांसमोरून गेली आणि एका दिवसाच्या आत खरेदी केली, तर कोणी मुद्दाम बदल न केल्यास ती विक्री जाहिरातीची धरली जाते. पुण्याच्या एक बाई ११ वर्षे दर दिवाळीला आमच्याकडून घरातल्या चौघांसाठी चपला मागवतात. त्या वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणे आमचे नाव शोधून मागणी नोंदवली आणि पडद्यावर ती जाहिरातीची विक्री म्हणून उमटली. फोनवर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, दिसली असेल काल कुठेतरी. मी तर दसऱ्यालाच ठरवलं होतं." एजन्सीने जाहिरात दाखवण्यासाठी जी यादी निवडली होती, तीत आमच्या संकेतस्थळावर आधी येऊन गेलेलेच लोक सर्वांत पुढे होते. जो माणूस आमच्याकडे यायलाच निघाला आहे, त्याला वाटेत फलक दाखवायचा आणि तो आल्यावर श्रेय फलकाला द्यायचे, असा हा हिशेब आहे.

ही अडचण आमच्यासारख्या लहानांचीच आहे असे नाही. जनरल मोटर्सने मे २०१२ मध्ये, फेसबुक शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर, त्या जाहिरातींचा उपयोग होत नाही म्हणून तिथला सुमारे एक कोटी डॉलरचा खर्च थांबवला. पुढच्याच वर्षी ती कंपनी परतली, हेही सांगितले पाहिजे. त्याच सुमारास ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने शोधयंत्रांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणारी जवळजवळ सगळी माणसे खालच्या फुकटच्या दुव्यांवरून येऊन पोहोचली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ मध्ये एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलरहून अधिक खर्च कमी केला आणि विक्रीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असे जाहीर केले. खुद्द फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केले, की लोक चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा आपण दोन वर्षे फुगवून देत होतो, कारण तीन सेकंदांच्या आत पुढे सरकलेल्यांना त्या सरासरीत धरलेच नव्हते.

शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे ज्या काट्यावर चढतात, तो काटा वैधमापन खात्याकडून ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर शिक्का असावा लागतो. माल विकत घेणारा आणि काटा तपासणारा एकच असला, तर कोणताही शेतकरी ते वजन मान्य करणार नाही. जाहिरातीच्या या बाजारात मात्र जागा विकणारा, किती माणसांनी पाहिले ते मोजणारा आणि त्यातून किती विक्री झाली ते सांगणारा एकच आहे, आणि आपण त्याने मोजलेल्या मापावर विश्वास ठेवून दरमहा पैसे भरतो आहोत. माझी तक्रार जाहिरातीपेक्षा या मापाविषयी आहे.

ती का, हे आमच्या पुढच्या अनुभवावरून स्पष्ट होईल. २०२३ च्या जानेवारी ते मार्च या काळात आम्ही एक पंधरवडा जाहिरात चालू आणि एक पंधरवडा बंद, असा क्रम ठेवला. दुकानातल्या विक्रीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. परंतु बंद पंधरवड्यांत परगावची पार्सले साधारण एक तृतीयांशाने कमी झाली. म्हणजे कोल्हापुरातल्या माणसाला कोल्हापुरी चपलेची जाहिरात दाखवणे व्यर्थ होते, आणि पुण्या-मुंबईत, नाशिकमध्ये तिचा उपयोग होता. ज्याला कोल्हापूरला येणे जमत नाही पण खरी चप्पल हवी आहे, त्याच्यापर्यंत आम्ही दुसऱ्या कोणत्या मार्गाने एवढ्या खर्चात पोहोचलो असतो, हे मला सुचत नाही. तेव्हापासून शहरातली जाहिरात बंद केली आणि बाहेरची फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठेवली. खर्च एक तृतीयांशावर आला. पूर्वीच्या बारमाही पॅकेजमध्ये जुलै-ऑगस्टमध्येही पैसे जात होते. चामड्याची चप्पल पावसात कोणी घालत नाही, ही साधी गोष्ट त्या पॅकेजला माहीत नव्हती, आणि आम्हीही ती वेळेवर सांगितली नाही.

लेखात न आलेल्या आणखी काही व्यावहारिक बाबी आहेत. या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. जे लहान दुकानदार विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत आहेत त्यांना त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे तो सरळ खर्चच होतो. शिवाय या योजनेतल्या दुकानदाराला परराज्यात माल विकता येत नाही. बेळगाव किंवा बेंगळुरूहून जाहिरात पाहून विचारणा येते, तिचे पैसे मोजलेले असतात आणि तिला नकार द्यावा लागतो. चपलेचे मापही फोनवर जमत नाही. नवी चप्पल आधी पायाला घट्ट बसते आणि चार दिवसांत चामडे पायाच्या आकाराला येते. दुकानात आम्ही ती पायात घालून, अंगठ्याजवळ बोट फिरवून हे समजावतो, पार्सलमध्ये मात्र तीच घट्ट चप्पल चावते म्हणून परत येते. परतीचा हा खर्च जाहिरातीच्या अहवालात कुठेच नसतो.

यापेक्षा गंभीर बाब अशी, की कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांपुरते ते नाव राखले गेले. तरीही माझ्या मोबाईलवर आमच्या जाहिरातीच्या खालोखाल रेक्झिनच्या चपला 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून तीन-चारशे रुपयांत विकणारी जाहिरात दिसते. जाहिरातीची जागा लिलावाने जाते आणि आमचे व त्यांचे लक्ष्य एकाच प्रकारचे लोक असल्यामुळे, आमच्याच नावाने खोटा माल विकणाऱ्याशी चढाओढ करून आम्हाला जागेचा भाव वाढवून द्यावा लागतो. पैसे दोघांकडूनही एकाच कंपनीकडे जातात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तक्रार करायला जावे तोवर ते पान गायब झालेले असते. या बाबतीत जागा विकणाऱ्यालाही जबाबदार धरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर इथून हरकत घेतली गेली आणि कंपनीला त्यांचे भारतीय मूळ मान्य करावे लागले. त्या महिन्यात, भर पावसात, एक रुपयाही खर्च न करता आमच्याकडे जेवढी विचारणा झाली, तेवढी कोणत्याही जाहिरातीने झाली नव्हती. ती विचारणा टिकली ती आलेल्या माणसाला खरा माल मिळाला म्हणून.

शहरातील व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे, की वेगवेगळ्या धंद्यांतील तीस-चाळीस दुकानांनी एका हंगामात जाहिरात एक पंधरवडा चालू, एक पंधरवडा बंद ठेवून आपापल्या विक्रीचे आकडे एकत्र करावेत. शिवाजी विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. हुपरीचा चांदीवाला, लक्ष्मीपुरीतला धान्यवाला आणि राजारामपुरीतला कापडवाला यांची उत्तरे एकसारखी निघणार नाहीत, आणि म्हणूनच ती स्वतंत्रपणे कळणे गरजेचे आहे. एजन्सी नेमताना, पोहोच आणि पसंती यांच्याबरोबर अशा चालू-बंद चाचणीचा निकालही द्यावा लागेल, अशी अट दुकानदारांनी करारात घालावी.

आणि आपल्याला विनंती अशी, की यापुढे या विषयावर लेख छापताना एका तरी दुकानाच्या प्रत्यक्ष विक्रीचा आकडा लेखकाकडे मागावा. आमची दोनशे पानी वही संपली आहे. येत्या दसऱ्यापासून दुसरी सुरू करणार आहोत, आणि आपल्या प्रतिनिधीला किंवा कोणाही दुकानदाराला दोन्ही वह्या पाहायच्या असतील, तर त्या गल्ल्याशेजारीच ठेवलेल्या असतात.

आपली विश्वासू,
चप्पल लाईनमधील एक वाचक,
कोल्हापूर