दहा बाय बाराच्या खोलीतील खर्ज

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत वहीच्या पानावर काढलेला खोलीचा नकाशा, दोन्ही मिळाले. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, एका आखूड भिंतीला टेकलेला दिवाण, समोर टीव्ही आणि खिडकीत कूलर. धुळ्याच्या देवपुरातील तुझी ही नवी खोली न पाहताच मला पाठ झाली आहे. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे खालचे सूर वाजवणारी स्पीकरची पेटी, कोणता घ्यावा एवढेच तू विचारले होतेस, पण न मागता नकाशा पाठवून निम्मे उत्तर तूच दिलेस. लहान खोलीत खर्जाचा आवाज पेटीतून येतो तितकाच भिंतींकडूनही येतो, आणि पंधरा हजारांच्या आत बसवायचे असेल तर भिंतींचा हा फुकटचा वाटा आधी पदरात पाडून घेतला पाहिजे.

हे मला उशिरा कळले. चार वर्षांपूर्वी मी येथील एका दुकानातून बारा इंची, भल्यामोठ्या पोर्टचा (पेटीला हवेसाठी ठेवलेल्या भोकाचा) सबवूफर उचलला, कारण पेटीवर चार आकडी ‘पीएमपीओ’ वॅट छापलेले होते आणि दुकानाच्या लांबलचक हॉलमध्ये तो खरोखर दणदणीत वाजत होता. घरी आणल्यावर दोन सूर तेवढे ढणाणत राहिले आणि बाकीचे जणू गायबच झाले. पीएमपीओ या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही, तो छापणाऱ्याच्या हिमतीवर अवलंबून असतो; पाहायचा तो आरएमएस, म्हणजे पेटी सतत पेलू शकेल तेवढ्या वॅटचा आकडा. त्यातही शंभराचे दोनशे वॅट झाले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण दहापट वीज लागते. म्हणून पन्नास वॅट आरएमएस लिहिलेल्या पेटीला हिणवू नकोस.

लहान पेटीबद्दल एक नियम ध्वनितंत्रात प्रसिद्ध आहे. के.एल.एच. या अमेरिकी कंपनीच्या नावातील ‘एच’ म्हणजे जे. अँटन हॉफमन, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाजही हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच एका वेळी पुऱ्या होतात. स्वस्त आणि आटोपशीर पेटी तिन्ही देण्याचे वचन देत असेल, तर कोणते वचन मोडणार आहे ते आपणच आधी ठरवलेले बरे. माझ्या मते खर्जाच्या खोलपणावर थोडे पाणी सोडावे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. 40 हर्ट्झवरून (सेकंदाला 40 कंपनांवरून) 20 वर जाण्याची किंमत ही अशी आहे. आणि तू ऐकतोस काय? काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाचा षड्ज साधारण 138 हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे 69 वर. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 च्या आसपास. चाळिशीपर्यंत स्वच्छ उतरणारी पेटी तुझ्या भजनांना, अहिराणी गाण्यांना आणि बहुतेक चित्रपटांना पुरेल. त्याखाली उरतात ते स्फोट आणि भूकंप, आणि त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी वैर घेण्यात अर्थ नाही.

आता भिंतींकडे वळतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. तुझ्या बारा फुटांच्या, म्हणजे 3.66 मीटरच्या लांबीत त्याची अर्धी लाट नेमकी मावते ती 47 हर्ट्झला. दहा फुटांच्या रुंदीत 56 ला, आणि उंचीही दहाच फूट असल्यामुळे तिथेही पुन्हा 56 लाच. या सुरांवर खोली स्वतःच गाऊ लागते, आणि दोन मापे एकसारखी असल्याने 56 वर दुहेरी जोर येतो. माझ्या खोलीची तर तिन्ही मापे दहा-दहा फूट, त्यामुळे माझी फजिती तिहेरी. कोनाड्यातील पितळी तांब्यावर पालथे घातलेले फुलपात्र ठराविक सुरावर थरथरत असे. मी ते उचलले की तांब्या गप्प, ठेवले की पुन्हा झणझण. फोनवर सूर वाजवण्याचे एक ॲप घेऊन मी चाळीसपासून एकेक हर्ट्झ वर चढत गेलो, आणि छपन्न आले तेव्हा फुलपात्र गोल फिरत कोनाड्याच्या कडेपर्यंत आले. हिशेबाचा इतका चोख ताळा मला शाळेतही कधी मिळाला नव्हता.

जाड पडदे आणि गाद्या लावून हे मिटेल असे तुला कोणी सांगेल. पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते, पडद्याला ती जुमानत नाही. उपाय जागेत आहे. दिवाण भिंतीला चिकटलेला असल्यामुळे तुझे डोके नेमके तिथे येते जिथे लांबीचा 47 चा सूर सर्वांत फुगतो, आणि खोलीच्या अगदी मध्यावर बसलास तर 47 चा सूर जवळजवळ ऐकूच येणार नाही. दिवाण दोन फूट पुढे ओढता आला तर तेवढ्यानेच निम्मे काम होईल.

47 च्या खाली मात्र लहान खोली आपल्या बाजूची होते. तिथे लाट मावत नाही, साऱ्या खोलीतील हवाच एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि दारे-खिडक्या बंद असतील तर खर्जाला आपोआप उठाव मिळतो. पोर्ट नसलेल्या, बंद पेटीचा आवाज खालच्या बाजूला सप्तकामागे 12 डेसिबलने हळूहळू उतरतो, पोर्टवाल्या पेटीचा 24 ने धाडकन. खोलीचा उठाव बंद पेटीची तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, पोर्टवाल्या पेटीत मात्र तो आधीच फुगलेल्या जागी भर घालतो. म्हणून आठ इंची, बंद पेटीचा सबवूफर मिळाला तर माझे मत त्यालाच. खरी अडचण अशी की स्वस्तात बहुतेक पेट्या पोर्टवाल्याच असतात. यामाहाची आठ इंची असो की पोल्कची दहा इंची पीएसडब्ल्यू 10. अशी पेटी घ्यावी लागली तर पोर्टमध्ये स्वच्छ मोजे कोंबून पाहा. हसू नकोस, त्याने ढणाणाट खरोखर कमी होतो.

तुझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळे तोंड नाही, हे विसरून चालणार नाही. म्हणून पेटीच्या पाठीवर स्पीकरच्या तारा थेट जोडता येतील अशी सोय हवीच. ती नसेल तर पुढे काही पाहू नकोस. आवाजाचा आणि क्रॉसओव्हरचा (कोणत्या सुराखालचे काम पेटीने करायचे ते ठरवणारा) असे दोन वेगळे खटके हवेत, आणि पेटीची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारे 0 व 180 अंशांच्या फेजचे बटणही. क्रॉसओव्हर 80 च्या आसपास ठेव. तुझे पाच इंची स्पीकर तिथून वरचे काम सांभाळतील, आणि त्याखाली आवाज कुठून येतो हे कानाला समजत नसल्याने पेटी कपाटाआड दडली तरी चालेल. फेज दोन्ही बाजूंना फिरवून पाहा आणि जिथे डग्गा भरीव लागतो तिथे सोडून दे. घुंईऽ असा एकसुरी आवाज येऊ लागला तर अ‍ॅम्प्लिफायर आणि पेटी एकाच बोर्डावर लाव, पण प्लगची अर्थिंगची पिन मोडण्याचा गावठी इलाज करू नकोस.

पेटी कुठे ठेवायची हे ठरवण्याची रीत जराशी हास्यास्पद आहे. तिला दिवाणावर, तुझ्या बसण्याच्या जागी ठेव, खर्जाचे एखादे गाणे लाव आणि तू भिंतीकडेने जमिनीलगत रांगत जा; जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तीच तिची जागा. मी असा रांगत असताना आईने दारातून विचारले होते, “काय धुंडी ऱ्हायना रे?” कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, म्हणून दुकानदार कोपराच सुचवतात, मला मात्र कोपऱ्यापासून तीन फुटांवरची जागा मानवली.

आपल्याकडची एक गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे कूलर. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कूलरच्या घरघरीत खालचे सूर बुडून जातात आणि आपण नकळत खटका वाढवत नेतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर कूलर बंद झाला की तोच आवाज छातीवर बसतो. तेव्हा कूलर बंद करून, घाम पुसत का होईना, एकदा आवाज जुळव आणि खटक्यावर पेन्सिलीने खूण करून ठेव. रात्री हळू आवाजात खर्ज विरल्यासारखा वाटेल. हा दोष पेटीचा नाही, कानाचा आहे, आणि फ्लेचर व मन्सन या अमेरिकी संशोधकांनी तो 1933 मध्येच मोजून ठेवला आहे. तेवढ्यापुरता खटका खुणेच्या किंचित पुढे न्यायला हरकत नाही.

खरेदी करताना परत करण्याची मुदत लिहून घे, कारण दुकानात ऐकलेला आवाज दुकानाचा असतो. पेटी आली की कळव. रविवारच्या गाडीने मी मापाची टेप, फोन आणि ते फुलपात्र घेऊन येतो; वहिनींना सांग की वांग्याच्या भरिताची तयारी ठेवावी आणि मांडणीवरची भांडी तेवढा दिवस खाली उतरवावीत.

तुझा,
जळगावकर मित्र