क्रीडामंत्री साहेब, रणजीच्या जुन्या खेळाडूंना एकदा बोलतं करा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोल्हापूरचा, त्यामुळे सुरुवात आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांपासूनच करतो. डिसेंबर 1948, रणजी ट्रॉफी म्हणजे देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेचा सामना, पूना क्लबचं ग्राउंड, महाराष्ट्रासमोर काठियावाड, भाऊसाहेब 443 नाबाद, ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा 452 चा तेव्हाचा जागतिक रेकॉर्ड मोडायला फक्त 10 रन पाहिजे होते आणि काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, मॅचच सोडून निघून गेले. फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे रणजीसारख्या तीन किंवा जास्त दिवसांच्या सामन्यांत, एका डावात 400 पार केलेला भारतीय आजही हा एकटाच. पण भारताकडून टेस्ट एकही नाही! मुंबईच्या पद्माकर शिवलकरांचं तेच, 589 विकेट, 1972-73 च्या रणजी फायनलला चेपॉकवर तामिळनाडूचे 13 गडी फक्त 34 रनमध्ये काढले, पण भारतीय संघात बिशनसिंग बेदी असताना दुसऱ्या डावखुऱ्या स्पिनरला जागा कुठली.

सिलेक्शनचा जुना वाद मला उकरायचा नाही. ही मोठी नावं तरी लोकांना माहीत आहेत, बाकीच्यांचं काय?

आमच्या गल्लीत एक काका होते, साठच्या दशकात थोडे रणजी सामने खेळलेले. सकाळी नेट, मग बँकेचा काउंटर, मॅच असली की रजेसाठी साहेबाच्या पाया पडायचं आणि थर्ड क्लासच्या डब्यात किटबॅग उशाला घेऊन रात्र काढायची. मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या पिचवर, ऑफस्पिन कसा उसळतो हे सांगताना ताटातलं लिंबू उचलून बोटं लावून दाखवायचे, पहिल्या बोटाचं पेर कायमचं वाकडं झालं होतं. एकदा सगळं रेकॉर्ड करूया असं आम्ही दरवर्षी म्हणायचो, ते राहिलंच. ते गेल्यावर कात्रणांची ट्रंक रद्दीत गेली, मला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. अजून जीवाला लागतं ते.

म्हणून एकच मागणी, प्रत्येक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या रणजी खेळाडूंच्या घरी माणूस पाठवावा, दोन तास निवांत बोलू द्यावं, मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं, कात्रणांचे फोटो घ्यावेत आणि सगळं एका ठिकाणी लोकांना बघायला ठेवावं. बायकांच्या टीमकडून खेळलेल्यांनाही घ्या, त्यांची तर जुनी स्कोअरकार्डं पण धड मिळत नाहीत. खर्च फार नाही हो, पण घाई आहे. भाऊसाहेब 2012 ला गेले, शिवलकर मार्च 2025 मध्ये.

कोल्हापूरपासून सुरू करा. घरं मी शोधून देतो, सोबत पण येतो.

आपला,
एक कोल्हापूरकर